प्रत्येक अटॅकनंतर ‘आज माझं काय चुकलं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लिहिणारी ३४ वर्षांची आहे, शाळेत शिकवते, घरी नवरा, सासूबाई आणि ८ वर्षांची मुलगी. डोकं कॉलेजपासून दुखतं. आधी खूप जांभया येतात, मान आखडते, कधीकधी डोळ्यांपुढे चमचमणारी नागमोडी रेघ सरकत जाते, मग बहुतेक वेळा उजवी बाजू ठणकायला लागते, उलट्या होतात, उजेड आणि आवाज नकोसा होतो. पूर्वी हे महिन्यातून एकदोनदा व्हायचं, गेलं वर्षभर आठवड्यातले तीनचार दिवस यातच जातायत. आजवर तिला ॲसिडिटी, सायनस, चष्म्याचा नंबर आणि टेन्शन अशी सगळी कारणं सांगून झाली. एमआरआय नॉर्मल आला. शेवटी एका डॉक्टरांनी मायग्रेन म्हटलं आणि ‘ट्रिगर टाळा’, म्हणजे अटॅक सुरू करणाऱ्या गोष्टी टाळा, एवढं सांगून पाठवलं. तेव्हापासून तिने चॉकलेट, चीज, कॉफी, परफ्यूम, उन्हात फिरणं, रात्रीचे सिनेमे आणि आता मैत्रिणींना भेटणंही बंद केलंय, तरी दुखणं तसंच. मेडिकलमधून आणलेली, कॅफिन मिसळलेली पेनकिलर महिन्यातले १८-२० दिवस लागते. सासूबाई म्हणतात रिपोर्ट तर चांगला आहे, नवरा म्हणतो जास्त विचार करू नकोस, आणि मुलीने परवा विचारलं, “आई, शनिवारी तुझं डोकं दुखणार नाही ना?” पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत: माझं नक्की काय चुकतंय, माझा खरा ट्रिगर कसा शोधू, आणि नोकरी सोडली तर बरं वाटेल का?

अगं, तुझ्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नोकरीचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. आठवड्यातले निम्मे दिवस डोकं ठणकत असताना माणसाला कुठलाही रस्ता सुटकेचा वाटतो, आणि मुख्य म्हणजे तुझ्या दुखण्यावर अजून धड उपचार सुरूच झालेले नाहीत, तू फक्त एकेक गोष्ट सोडत आलीयस. त्या यादीत नोकरी घालायची वेळ अजून आलेली नाही. शाळेबद्दल खाली लिहिलंय.

मला जास्त बोलायचंय ते पहिल्या प्रश्नाबद्दल. ‘माझं काय चुकतंय’ हे तू पत्रात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा लिहिलंयस आणि मला वाटतं डोकेदुखीइतकंच या प्रश्नाने तुला दमवलंय. अटॅक आला की तू मागचा अख्खा दिवस उलगडून बघतेस, काय खाल्लं, कुठे गेले, कोणावर चिडले, आणि काहीतरी सापडतंच, कारण कुठल्याही दिवसात शोधलं तर काहीतरी सापडणारच की. मग ती गोष्ट बंद. पुढचा अटॅक आला की दुसरी बंद. यात तू धरून काय चाललीयस बघ: मी सगळं बरोबर केलं तर डोकं दुखणारच नाही, म्हणजे दुखलं की मीच कुठेतरी चुकले. तुझं गाडं इथेच अडलंय.

मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जगात साधारण दर ७ माणसांत एकाला तो असतो, बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, आणि ऐन कामाच्या वयातल्या बायकांचे सगळ्यात जास्त दिवस खाणाऱ्या आजारांमध्ये त्याचा नंबर अगदी वर लागतो. एवढ्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी काहीतरी चुकीचं खाल्लेलं नसतं. होतं काय की या मेंदूला बदल लवकर टोचतात, आणि अटॅकच्या वेळी चेहऱ्यातून आणि डोक्यातून वेदना नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिच्या टोकांमधून सीजीआरपी नावाचं एक रसायन सुटतं आणि मेंदूभोवतीच्या आवरणात वेदनेचा गोंधळ सुरू होतो. या शोधासाठी आणि मायग्रेनवरच्या एकूण कामासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ब्रेन प्राइझ हे मेंदूविज्ञानातलं मोठं बक्षीस मिळालं, आणि त्याच रसायनाला अडवणारी पहिली औषधं २०१८ पासून बाजारात आहेत. हे मी विज्ञानाचा तास घ्यायचा म्हणून सांगत नाहीये. ज्या दुखण्याला घरात ‘जास्त विचार’ म्हटलं जातं ते रक्तात मोजता येणाऱ्या एका रसायनापर्यंत नेऊन दाखवलेलं आहे, हे तुला माहीत असलेलं बरं.

सासूबाईंच्या ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ला पण उत्तर यातच आहे. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, गाठ आहे का, रक्तस्राव आहे का वगैरे. मायग्रेनमध्ये रचना नीट असते, कामकाज बिघडतं. म्हणजे मायग्रेनवाल्याचा एमआरआय नॉर्मलच यायला हवा, तसा तो आला. निदान होतं ते तुझ्या सांगण्यावरून: उपचार न घेता ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं, ठणका, एका बाजूला जास्त, जिना चढला की वाढणारं, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास. तुझं पत्र म्हणजे जवळजवळ या व्याख्येचा उतारा आहे. सायनस म्हणून वर्षानुवर्षं औषधं घेणाऱ्या खूप जणांना प्रत्यक्षात मायग्रेन असतं, कारण अटॅकमध्ये नाकही गळतं, डोळ्यांत पाणी येतं, गालांवर दाब वाटतो. तेव्हा आधीच्या चुकीच्या निदानांचाही दोष स्वतःकडे घेऊ नकोस.

आणि ती नागमोडी रेघ! त्यासाठी तू दोनदा चष्मा बदललास असं लिहिलंयस. तिला ऑरा म्हणतात आणि ती डोळ्यांत नसते, मेंदूच्या मागच्या, बघण्याच्या भागात असते. १९४१ मध्ये कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने स्वतःचा ऑरा सरकताना टिपून ठेवला आणि हिशोब मांडला की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असणार, आणि १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडेस लिआओने प्राण्यांच्या मेंदूत तशाच संथ वेगाने पसरणारी विद्युत शांततेची लाट प्रत्यक्ष नोंदवली. म्हणून ती रेघ एकदम येत नाही, हळूहळू पसरते, ५ ते ६० मिनिटांत विरते. एक महत्त्वाचं याच ओघात सांगते: ऑरा असणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नसतात, स्ट्रोकचा धोका वाढतो. तू घेत असशील तर डॉक्टरांना आजच सांग, इतर पर्याय आहेत. आणि वाचणाऱ्या बाकीच्या मैत्रिणींनो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून घेताना ही रेघ दिसते का हे कोणी विचारत नसेल तर आपणहून सांगा.

आता ट्रिगर. ट्रिगर नसतातच असं मी म्हणत नाही. पाळीच्या सुमारास हॉर्मोन उतरतात तेव्हा, जेवण चुकलं की, झोप कमी किंवा जास्त झाली की, दारू घेतली की, आणि ताण असतो तेव्हाच नाही तर ताण उतरल्या उतरल्या देखील अटॅक येतो, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. पण तुझ्या यादीतल्या काही गोष्टींकडे मला जरा वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. दुखणं सुरू व्हायच्या आधी काही तास, कधी तर एकदोन दिवस आधीपासून मायग्रेन आत सुरू झालेलं असतं. तुझ्या जांभया, आखडलेली मान हे तेच. याच काळात काहींना गोड खायची जबरदस्त इच्छा होते, काहींना वास सहन होत नाहीत, काहींना उजेड टोचतो, चिडचिड होते. आता बघ, चॉकलेट खावंसं वाटलं, खाल्लं, तीन तासांनी डोकं दुखलं. चॉकलेटमुळे दुखलं की अटॅक सुरू झाला होता म्हणून चॉकलेट हवंसं वाटलं? परफ्यूमने डोकं उठवलं की डोकं उठणारच होतं म्हणून एरवीचाच परफ्यूम त्या दिवशी असह्य झाला? संशोधकांनी माणसांना त्यांचेच सांगितलेले ट्रिगर मुद्दाम देऊन पाहिले तेव्हा बऱ्याच जणांना अटॅक आलाच नाही. म्हणजे तू ज्यांना आरोपी करून घराबाहेर काढलंस त्यातले काही निर्दोष असण्याची बरीच शक्यता आहे, आणि मैत्रिणी तर नक्कीच.

शिवाय मेंदूची सहन करायची ताकद रोज सारखी नसते. पाळीच्या आधी, रात्री झोप मोडलेली, सकाळी नाश्ता राहिलेला, त्यात दुपारी उन्हात उभं राहिलीस तर अटॅक. आणि एरवी त्याच उन्हात काहीच नाही. म्हणून ‘माझा खरा ट्रिगर’ असा एकच कोणीतरी सापडेल ही आशा सोडून दे, तो बहुतेक नाहीये. त्यापेक्षा रोजचा दिवस शक्य तेवढा सारखा ठेवणं जास्त उपयोगी पडतं. झोपायची-उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच, जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत, पाणी पुरेसं, कॉफी घ्यायची तर रोज तेवढीच आणि थोडी, कारण रोज भरपूर घेऊन एखाद्या दिवशी अचानक बंद केली की त्यानेही डोकं धरतं. मुलीने शनिवारबद्दल विचारलं ना, तिच्या प्रश्नातच मला एक खूण दिसली. तुझे अटॅक शनिवार-रविवारी जास्त येतात का बघ. आठवडाभर धावपळ, मग एकदम ताण सैल, त्यात उशिरापर्यंत झोप, नाश्ता उशिरा, असं सगळं एकाच सकाळी जमून येतं. शनिवारी फक्त नेहमीच्या वेळी उठून खाऊन घे, मग वाटलं तर पुन्हा आडवी हो. काही आठवडे करून बघ एवढंच म्हणते.

आणि बंद केलेल्या गोष्टी एकेक करून परत आण. सुरुवात मैत्रिणींपासून कर, घरी बोलव, दुपारी बोलव, तासभरच बोलव. ज्या गोष्टीने दर वेळी, म्हणजे खरोखर जवळजवळ दर वेळी, काही तासांत अटॅक येतो तीच बाहेर ठेव. बाकीच्यांना परत येऊ दे.

आता ज्या ओळीवर माझी नजर अडकली तिच्याकडे येते. पेनकिलर महिन्यातले १८-२० दिवस. तू हे अगदी जाता जाता लिहिलंयस, पण गेल्या वर्षभरात महिन्यातून दोन वेळचं दुखणं आठवड्यातून चार वेळ कसं झालं याचं उत्तर निदान काही अंशी इथे असावं असं मला वाटतं. डोकेदुखीचं औषधच जास्त दिवस घेतलं तर डोकेदुखी वाढवतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण डॉक्टरांना हे रोज दिसणारं चित्र आहे आणि मायग्रेनवाल्यांनाच ते जास्त होतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे आकडे ठरलेले आहेत: साधं पॅरासिटॅमॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, कॅफिन घातलेल्या त्यात आल्या, तसंच ट्रिप्टान आणि अर्गोट ही मायग्रेनची औषधं किंवा ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची पेनकिलर, महिन्यातले १० किंवा जास्त दिवस, हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं तर औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी जडू शकते. मोजायचे ते दिवस, गोळ्या नाही. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस, आणि रोज फक्त अर्धी घेतली तरी ते तीस दिवस. तुझी गोळी मिश्र, म्हणजे तुझी मर्यादा १०, आणि तू १८-२० वर आहेस.

हे वाचून लगेच ‘बघा, माझंच चुकलं’ असं म्हणायला जाशील, म्हणून आधीच थांबवते. तुला कोणी हे सांगितलंच नव्हतं. दुखतंय, शाळेत जायचंय, गोळीने दोन तास तरी उभं राहता येतंय, तर कोणीही गोळी घेईल.

पण इथे एक खरा पेच आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. एकीकडे नियम असा की मायग्रेनची गोळी दुखणं सुरू होताच, हलकं असतानाच घ्यायची. कारण अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, आणि दुखणं एकदा पुढे गेलं, केस विंचरले तरी डोक्याची कातडी दुखायला लागली, की औषध नीट लागू पडत नाही. दुसरीकडे नियम असा की कमी दिवस घ्यायची. मग तू नेमकं जे सगळे करतात ते करतेस, घेऊ की नको घेऊ करत दोन तास काढतेस, आणि शेवटी उशिरा घेतेस, म्हणजे गोळीही पोटात गेली आणि उपयोगही झाला नाही. महिन्यातून दोनचार अटॅक असतील तर दोन्ही नियम सहज पाळता येतात. आठवड्यातून चार असतील तर नुसत्या पेनकिलरच्या जोरावर पाळताच येत नाहीत, तू कितीही शहाण्यासारखी वागलीस तरी. या पेचातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे अटॅकची संख्याच कमी करणं, आणि त्यासाठी रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, प्रिव्हेंटिव्ह. तुला ती कोणी सुरूच केलेली नाहीत. माझा सगळा राग आहे तो यावर आहे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलं औषध ते न्यूरॉलॉजिस्ट किंवा मायग्रेन बघणारे फिजिशियन ठरवतील. पण समोर बसशील तेव्हा ही नावं कानावरून गेलेली असावीत: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, कँडेसार्टन, फ्लुनारिझिन. यातलं कुठलं बीपीचं औषध म्हणून ओळखलं जातं, कुठलं फिटचं, कुठलं डिप्रेशनचं, आणि घरी येऊन कोणी इंटरनेटवर शोधलं की ‘अरे, हे तर डिप्रेशनचं दिलंय’ म्हणून लोक पहिल्या आठवड्यातच बंद करतात. तीच औषधं कित्येक वर्षं मायग्रेन टाळायला वापरली जातात. प्रत्येकाचं काहीतरी असतं: दम्याच्या पेशंटला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, अमिट्रिप्टिलिनने झोप येते म्हणून ते रात्री देतात, टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात, कधी बोलताना शब्द आठवत नाहीत आणि गरोदरपणात ते बाळाला घातक असतं, आणि व्हॅल्प्रोएट नावाचं फिटचं दुसरं औषध तर त्याहूनही. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल किंवा नसेल, तेही उघड सांग. आणि सबूर! या औषधांना परिणाम दाखवायला दोन ते तीन महिने लागतात. तीन आठवड्यांत काही होत नाही म्हणून सोडलं तर ते औषध वापरून बघितलं असं म्हणता येत नाही. अपेक्षाही नीट ठेव, अटॅक निम्म्यावर आले तर ते औषध चांगलं लागू पडलं असं धरतात. दोनतीन औषधं करूनही फरक नसेल तर वर म्हटलेली सीजीआरपीची इंजेक्शनं आहेत, महिन्यातले १५ आणि वर दिवस दुखणाऱ्यांसाठी दर १२ आठवड्यांनी द्यायचं बोटॉक्स आहे. महाग आहेत, पण दार बंद नाही एवढं लक्षात ठेव.

चालू पेनकिलर थांबवायची तर तीही डॉक्टरांना सांगूनच. पहिले काही दिवस, साधारण दोन ते दहा, डोकं आधीपेक्षा जास्त दुखू शकतं, मळमळ, बेचैनी, झोप नाही, आणि बरेच जण नेमके तिथेच पुन्हा गोळीकडे वळतात. डॉक्टर त्या दिवसांसाठी वेगळं काहीतरी देऊ शकतात. शाळेला सुट्टी असेल असे दिवस धर, नवऱ्याला आधी सांगून ठेव की हा आठवडा वाईट जाणार आहे आणि मला तुझी मदत लागणार आहे. कोणाच्या गोळीत ओपिऑइड किंवा झोपेच्या गोळीसारखं काही असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं, हे बाकीच्या वाचकांसाठी.

अटॅकच्या दिवसासाठी एक योजना लिहून कपाटावर चिकटव, कारण तेव्हा डोकं चालत नाही. दुखणं सुरू झालं की डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी, पूर्ण डोसमध्ये, घाबरत घाबरत अर्धी नाही. उलट्या होणाऱ्यांना सोबत उलटीचं औषध देतात, त्याने मूळ गोळीही पोटातून पुढे सरकते. साध्या पेनकिलरने भागत नसेल तर ट्रिप्टान, ते खास मायग्रेनसाठीच बनवलंय, सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे, पण हृदयविकार, स्ट्रोक किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर चालत नाही, आणि ते रेघ दिसत असताना घेऊन फायदा नाही, दुखायला लागल्यावर घ्यायचं. एका अटॅकमध्ये चाललं नाही म्हणून बाद करू नकोस, दोनतीन अटॅकमध्ये वापरून बघ, एक ट्रिप्टान नाही चाललं तरी दुसरं चालू शकतं. गोळी पोटात टिकतच नसेल तर नाकात मारायचा स्प्रे आणि इंजेक्शन असतं. मग अंधारी शांत खोली, कपाळावर किंवा मानेवर थंड पट्टी, पाण्याचे घोट, जमली तर झोप. एरवी घरातही काळा चष्मा घालून बसायची सवय मात्र लावू नकोस, डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी टोचतो.

औषधाशिवायचं म्हणशील तर झोपेच्या वेळेनंतर मी व्यायामाचं नाव घेईन. स्वीडनमधल्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचे अटॅक टोपिरामेट घेणाऱ्यांइतकेच कमी झाले होते. तुझी आत्ताची अवस्था बघता चाळीस मिनिटं फार आहेत, दहा मिनिटं चालण्यापासून सुरू कर आणि हळूहळूच वाढव, एकदम जोर केला तर उलटतं. मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविनचा काहींना थोडा फायदा होतो, डॉक्टरांना विचारून घे. बटरबर नावाची वनस्पती मायग्रेनवर म्हणून विकतात, तिने लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

आणि ही डोकेदुखी मायग्रेन समजून घरी काढायची नाही: क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर वाटणारी, ताप आणि ताठ मान असलेली, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, गोंधळणं यासोबतची, डोक्याला मार लागल्यानंतरची, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, खोकलं-शिंकलं की उठणारी. आणि कोणाचं नेहमीचं मायग्रेन अचानक रूप बदललं तर तेही. यातल्या पहिल्या चारांना तर सरळ इमर्जन्सीत.

घरच्यांबद्दल. तुझा नवरा वाईट बोलत नाहीये, त्याला माहीतच नाही काय करायचं, म्हणून तो ‘विचार करू नकोस’ म्हणतो. त्याला करण्यासारखं काम दे. ‘मला समजून घे’ हे फार मोघम होतं गं. ‘माझ्या जांभया सुरू झाल्या की संध्याकाळचं जेवण तुझ्याकडे, मुलीचा अभ्यास तुझ्याकडे, टीव्हीचा आवाज कमी, आणि मला दर तासाला कसं वाटतंय विचारू नकोस’ हे त्याला करता येईल. डॉक्टरकडे त्याला सोबत ने, आणि एमआरआय नॉर्मल का येतो हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे, म्हणजे सासूबाईंना सांगायचं काम तो करेल. मुलाने आईला सांगितलेलं जास्त पोचतं.

मुलीने विचारलेला प्रश्न तुला लागलाय, ते पत्रात दिसतं. तिला खोटं वचन देऊ नकोस. ‘दुखेल की नाही मला आधी कळत नाही, पण दुखलं तर बाबा तुझ्यासोबत असेल, आणि माझं डोकं तुझ्यामुळे दुखत नाही’ एवढं सांग. शेवटचं वाक्य नक्की सांग, कारण आठ वर्षांची मुलं आपण दंगा केला म्हणून आई आजारी पडली असं मनात धरून बसतात. हे तिलाही होईल का, अशी भीती तू लिहिलीयस. आईला किंवा वडिलांना मायग्रेन असेल तर मुलांना होण्याची शक्यता बरीच वाढते, साधारण निम्म्या मुलांपर्यंत धरतात. तिला झालंच, तरी तिच्या घरात ते ओळखणारी आई असेल, तिला चष्मा बदलत फिरावं लागणार नाही.

शाळेत मुख्याध्यापिकांना भेट, पण सहानुभूती मागायला जाऊ नकोस, दोनतीन ठरावीक गोष्टी माग. डोळ्यांवर उजेड येणार नाही अशी बसायची जागा, मधल्या सुट्टीत खायला मिळेल असं वेळापत्रक, अटॅक आला तर अर्धा तास पडायला एखादी शांत खोली आणि त्या वेळी वर्ग कोण बघेल हे आधीच ठरलेलं. डॉक्टरांचं पत्र सोबत असलं की हे बोलणं सोपं जातं. प्रिव्हेंटिव्ह सुरू होऊन तीन महिने झाले, गोळ्यांचे दिवस दहाच्या खाली आले, त्यानंतरही शाळेत उभं राहवत नसेल तर मला पुन्हा लिही, तेव्हा नोकरीवर बसून बोलू. आत्ता सोडलीस तर दुखणं घरी येईलच, फक्त पगार आणि सोबतच्या बाया गेलेल्या असतील.

आजपासून एक साधी नोंद सुरू कर, मोबाईलच्या कॅलेंडरमध्येही चालेल. दुखलं तो दिवस, कितपत दुखलं, कुठली गोळी घेतली, पाळीची तारीख. बस्स. काय खाल्लं, कुठे गेले हे लिहू नकोस, ते लिहायला लागलीस की पुन्हा आरोपी शोधायला लागशील. डॉक्टरांना यातले दोनच आकडे सगळ्यात आधी हवे असतात, महिन्यात दुखण्याचे दिवस किती आणि गोळीचे दिवस किती. नोंद महिनाभराची होईपर्यंत थांबू मात्र नकोस, अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, गेल्या महिन्याचा आठवून अंदाज सांगितलास तरी चालेल. जाताना गोळ्यांचं रिकामं पाकीट पर्समध्ये टाक, कुठल्या गोळीत काय काय मिसळलंय ते सगळं त्यावर छापलेलं असतं, आणि ‘प्रिव्हेंटिव्ह द्यायचं का’ हा प्रश्न त्यांनी काढला नाही तर तू काढ.